शिलेदाराचं शुद्धिपत्र

मुद्रितशोधकाचं नाव पुस्तकात असलंच तर चौथ्या पानावर, किमतीच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरात असतं. ते मीच टाकतो, म्हणून मला माहीत. मी सुदर्शन. बुधवार पेठेत, अप्पा बळवंत चौकाच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर आमचं प्रकाशन आहे. तिथे एकोणीस वर्षं मी संगणकावर पुस्तकांची पानं लावतो. जिना अरुंद, खाली गाडी लावायला जागा नाही, आणि लेखक मात्र सगळे मोटारीनेच येतात. असो.

सांगायचंय ते आमच्या मुद्रितशोधक नाजिमाबाई बागवान यांच्याविषयी. वय एकोणसाठ. यजमान सिराजभाई, मंडईत फळांचा गाळा. बाई पंचविसाव्या वर्षी आमच्याकडे नोकरी मागायला आल्या, तेव्हा जुन्या मालकांनी परीक्षा म्हणून पंचांगाची पानं पुढे टाकली. मुसलमान बाई, पंचांग काय तपासणार, असा त्यांचा हिशेब. बाईंनी अर्ध्या तासात दोन ठिकाणी चुकलेला चंद्रोदय काढून दिला. मालकांनी तिथेच नोकरी दिली. तेव्हापासून चौतीस वर्षं आमचं पंचांग बाईच तपासतात. मोबाईल यायच्या आधी संकष्टीला पेठेतल्या बायका चंद्रोदय विचारायला ऑफिसात फोन करायच्या. एकदा एकीने नाव विचारलं. बाईंनी सांगितलं. पलीकडून प्रश्न आला की वेळ नक्की आहे ना. बाई म्हणाल्या, "खात्री नसेल तर चंद्राला विचारा."

पंचांगाची ही खोड बाईंनी कादंबऱ्यांनाही लावली. हस्तलिखित हातात आलं की त्या आलेखाचा एक मोठा कागद घ्यायच्या आणि त्यावर पुस्तकातला काळ मांडायच्या. 'दुसऱ्या दिवशी', 'तिन्हीसांजेला', 'चार महिन्यांनी', जिथे जिथे वेळेचा उल्लेख, तिथे टिंब. बसला हिशेब तर निळं, नाही बसला तर तांबडं. आमच्या एका नामवंत लेखकाची नायिका अकरा महिने गरोदर होती, ती बाईंनी वेळेवर बाळंत केली. लेखक आजही त्यांना नमस्कार करतात. त्या कागदाला बाई दिनमान म्हणायच्या.

गेल्या वर्षी आमच्याकडे ती जुनी परदेशी कादंबरी आली. चारशे वर्षांपूर्वीची, विनोदी. शौर्याच्या पोथ्या वाचून डोकं फिरलेला एक म्हातारा हाडकुळ्या घोड्यावर बसून शिलेदार व्हायला निघतो आणि जाईल तिथे मार खातो. पुस्तकाचं नाव घेत नाही. नाव घेतलं की लोक वाचल्यासारखी मान हलवतात. थेट मूळ भाषेतून मराठीत आणली होती सुहासिनीताई परचुरे यांनी. वय एक्याऐंशी, निवृत्त प्राध्यापिका. चौदा वर्षं त्या या एका पुस्तकामागे होत्या. शेवटची चार वर्षं डोळे जात चालले होते, तरी लिहीत होत्या, आणि पुस्तक संपलं तेव्हा उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. त्यामुळे मुद्रितं स्वतः तपासायचा प्रश्नच नव्हता. ऑफिसात येऊन त्यांनी बाईंचा हात हातात धरला आणि सांगितलं की आता तुझ्या डोळ्यांनी बघते मी.

बाईंनी दिनमान काढायला घेतलं आणि त्यांची झोप उडाली. त्या शिलेदाराच्या राज्यात काळाला लाजच नाही. एका संध्याकाळी सगळी मंडळी दोनदा जेवायला बसतात. दोन दिवसांची वाट चार दिवस चालते. शिलेदाराचा सोबती बायकोला पत्र धाडतो, त्यावर तारीख जुलैची. पुढे त्याला एक पत्र येतं, ते ऑगस्टचं. आणि मग दोघं समुद्रकाठच्या शहरात पोचतात, तर तिथे जूनमधल्या सणाची आदली रात्र. कागदावर तांबड्या टिंबांचा नुसता गोवर उठला.

बाईंनी मग काय केलं, तर सगळं नीट केलं. सव्वीस जागी. दुसऱ्या जेवणाचा फराळ झाला. जुलैचा मे झाला, ऑगस्टचा जून. कुणाला विचारलं नाही. संगणकात ते मीच घातलं, आणि वर चेष्टाही केली की बाई, शिलेदाराला तुम्ही पंचांगाला जुंपलात. बाई हसल्या होत्या. पक्की प्रत रणजितकडे गेली. रणजित म्हणजे जुन्या मालकांचा मुलगा, आता तोच मालक. बाईंना मावशी म्हणतो. प्रकाशन समारंभ पुढच्या रविवारी ठरला.

त्याच्या आधीच्या सोमवारी, सकाळी अकराला, ताईंचा फोन आला. बाईंनी फोन टेबलावर ठेवून मोठ्या आवाजात लावला, कारण हातात दुसरी मुद्रितं होती. ताईंना समारंभात बोलायचं होतं, आणि बोलायचं होतं नेमकं त्या दोन पत्रांवर. म्हणाल्या, जुलैचं पत्र, ऑगस्टचं पत्र, आणि त्यानंतरचा जून. लेखकाची ही चूक जगभर प्रसिद्ध आहे, पंडित त्यावर भांडत आलेत, पण मला ती फार प्रिय. जरा वाचून दाखव ना ती जागा.

माझे हात कळफलकावरच थांबले. बाईंनी प्रत उघडली. समोर छापलंय मे. बाईंनी वाचलं, "जुलै." पुढे छापलंय जून, त्यांनी वाचलं, "ऑगस्ट." आवाज जराही हलला नाही. चौतीस वर्षांत या बाईंनी कागदावर नाही ते कधी वाचलं नव्हतं.

ताई ऐकून खूश झाल्या. मग जे म्हणाल्या ते मी ऐकायला नको होतं. "हे ऑगस्टमध्ये गेले ना, तेव्हा मी याच पानावर होते. आणि पुढे बघते तर ऑगस्टनंतर जून. आमचे हे जूनमध्ये ठणठणीत होते गं. महिनाभर मी पुढचं वाक्य केलंच नाही. तिथेच बसून राहिले." एवढं बोलून त्यांनी नेहमीसारखं सिराजभाईंना सलाम सांगायला सांगितलं आणि फोन ठेवला.

बाईंनी प्रत मिटून ठेवली. नंतर मला म्हणाल्या की सुदर्शनराव, मला वाटलं ताईंच्या डोळ्यांमुळे झालंय. लेखकाची चूक असेल हे डोक्यातच आलं नाही. एवढं मोठं पुस्तक, चारशे वर्षं जग वाचतंय, त्यात तारखा चुकतील कशा? चुकली असेल तर आपली म्हातारीच. म्हणून विचारलंही नाही, त्यांना वाईट वाटेल म्हणून.

आता सगळा प्रश्न एकच होता, छपाई कधी. रणजित पुस्तकप्रदर्शनासाठी नागपूरला गेला होता, फोन उचलत नव्हता. बाईंनी त्याला मोबाईलवर निरोप लिहिला: 'शिलेदार छपाई कधी?' दहा मिनिटांनी उत्तर आलं. एकच शब्द. 'परवा.'

बाईंनी डोळे मिटले आणि श्वास सोडला. परवा म्हणजे बुधवार. मधला मंगळवार अख्खा हातात होता. सव्वीस जागा परत होत्या तशा करायच्या, नवी प्रत छापखान्यात नेऊन द्यायची, आणि कुणाच्या कानाला पत्ता लागू द्यायचा नाही. मी म्हटलं, होऊन जाईल. मनात म्हटलं, माझ्याही बोटांनी पाप केलंय, चला.

मंगळवारी आम्ही साडेआठलाच ऑफिस उघडलं. सातशे बारा पानं. दिनमानाचा कागद भिंतीला चिकटवला, बाई एकेक तांबडं टिंब वाचायच्या आणि मी बदलायचो. एका ठिकाणी ओळ वाढली, ती पुढच्या पानावर गेली, तिथला परिच्छेद खाली सरकला, आणि प्रकरणाचं शेवटचं वाक्य एकटंच नव्या पानावर जाऊन बसलं. ते मागे आणण्यात पाऊण तास गेला. बाईंनी डबा उघडला नाही. मी उघडला, मला भूक आवरत नाही. दुपारी तीनला संगणक बंद पडला तेव्हा मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. बाई शांतपणे म्हणाल्या, "शिव्या झाल्या की परत सुरू करा." पाच वाजता सव्विसावी जागा झाली. फाईल पेन ड्राइव्हवर घेतली, आणि माझ्या स्कूटरवरून आम्ही दोघं धायरीला निघालो. सिंहगड रस्त्यावर पाच वाजता कुणी शहाणा माणूस जात नाही. आम्ही गेलो.

छापखान्यात शिरलो तर मशीन बंद. पलीकडे बाइंडिंगच्या टेबलावर तीन बायका कागद घडी करत बसलेल्या. कचरू नावाचा तिथला जुना मशीनमन चहा पीत होता. मी पेन ड्राइव्ह पुढे केला आणि म्हटलं, शिलेदाराची नवी फाईल, उद्या हीच लावा.

"उद्या कशाला?" कचरू म्हणाला. "छापलंय की. शनिवारी. घडी चाललीया बघा."

बाई त्या टेबलापाशी गेल्या आणि घडी झालेला एक कागद उचलला. त्यांनी पान बघितलं नाही, नुसता हातात धरला. परवा. सोमवारपासून मागे मोजलं तर शनिवार, पुढे मोजलं तर बुधवार; मागचाही परवाच आणि पुढचाही परवाच. क्रियापद असतं तर कळलं असतं. छपाई परवा झाली, का छपाई परवा होईल. पण रणजितने क्रियापद लिहिलं नाही, कारण पुणेकर जिथे एका शब्दात भागतं तिथे दुसरा वापरत नाही. आणि बाईंनीही विचारताना लिहिलं नव्हतं. लोकांच्या वाक्यांत चौतीस वर्षं क्रियापदं घालणाऱ्या बाईंनी स्वतःच्या तीन शब्दांत ते घातलं नाही.

बाहेर स्कूटरपाशी मी स्पष्टच बोललो. म्हटलं, बाई, ऐका माझं. झालं ते झालं. हजार प्रती छापून झाल्यात. ताईंना दिसत नाही. त्यांचा मुलगा मराठी पुस्तक उघडायचा नाही. रविवारी ताई जुलै-ऑगस्ट बोलतील, लोक टाळ्या वाजवतील, घरी जाऊन कोण पान उघडून बघतोय? पुढच्या आवृत्तीत गुपचूप दुरुस्त करू. माझं मत आजही तेच आहे, कारण मी साधा माणूस आहे आणि मला भानगडी नकोत. शिवाय बोटं माझीही होती, हे मी विसरलो नव्हतो.

बाई मागे बसल्या. स्वारगेटच्या सिग्नलला त्या म्हणाल्या, "हिंजवडीला घ्या."

मी म्हटलं, या वेळेला हिंजवडी? कंपन्या सुटल्यात. बाई म्हणाल्या, सुटू द्यात. मी मनातल्या मनात बाईंना, रणजितला, त्या शिलेदाराला आणि त्याच्या घोड्याला नावं ठेवत स्कूटर वळवली. पावणेदोन तास लागले. वाकडच्या पुलावर कंपनीच्या बसांच्या मधे आम्ही इतका वेळ उभे होतो की मला वाटलं बाईंचं मन बदलेल. दोनदा मागे वळून पाहिलं. त्या ओठ घट्ट मिटून समोर बघत होत्या. उतरताना मात्र त्यांनी माझा खांदा जरा जास्तच जोरात धरला.

ताई मुलाकडे सतराव्या मजल्यावर राहतात. मुलाने दार उघडलं, कानात यंत्र, कुणाशी तरी इंग्रजीत बोलत होता. हातानेच आत जा म्हणाला. ताई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. पावलांवरून ओळखून म्हणाल्या, नाजिमा, तू इतक्या लांब कशी? बाई बसल्या नाहीत.

"ताई, काल मी तुम्हाला खोटं वाचून दाखवलं."

आणि मग सगळं सांगितलं. मे, जून, फराळ, सव्वीस जागा, छापून झालेल्या हजार प्रती, काही शिल्लक ठेवलं नाही. मी दाराशी उभा. ताईंचा चेहरा जसाच्या तसा होता, फक्त मांडीवरचा हात हळूहळू आवळत गेला. बाईंचं संपल्यावर त्या म्हणाल्या की विचारायचं होतंस. बाई म्हणाल्या, मला वाटलं तुमची चूक आहे, म्हणून नाही विचारलं.

"म्हणजे तुला वाटलं, म्हातारी चुकायला लागली."

बाईंना 'नाही' म्हणता आलं असतं. कुणीही म्हणालं असतं. बाई म्हणाल्या, "हो."

मला तर वाटलं आता निघावं. ताईंनी पाणी मागितलं, मी दिलं. घोट घेऊन त्यांनी सांगितलं की सव्वीसही जागा वाच. बाईंनी पिशवीतून दिनमान काढलं आणि वाचायला लागल्या, आधी काय होतं, मी काय केलं. ताईंना मूळ पुस्तक जवळजवळ पाठ. प्रत्येक जागेनंतर त्या मूळ भाषेतले दोन-चार शब्द पुटपुटायच्या आणि सांगायच्या, लेखकाची. पुढची. लेखकाची. पुढची. बाराव्या जागेला त्या थांबल्या. परत पुटपुटल्या. विचारलं की मी काय लिहिलं होतं. बाई म्हणाल्या, दोन दिवस. मी चार केले.

"मुळात तीन आहेत," ताई म्हणाल्या. आणि जरा वेळाने, "म्हणजे म्हातारी चुकली होतीच."

एकविसाव्या जागेलाही तसंच झालं. सगळं वाचून संपलं तेव्हा साडेनऊ झाले होते. बाई म्हणाल्या, शुद्धिपत्र लावते, प्रत्येक प्रतीत. मी चमकून पाहिलं. आमच्या धंद्यात शुद्धिपत्र म्हणजे मुद्रितशोधकाची वरात. बाईंच्या हातून गेलेल्या एकाही पुस्तकाला आजवर ते लागलेलं नव्हतं, आणि हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नसलं तरी चौकातल्या प्रत्येक दुकानदाराला माहीत होतं. ताईंनी पाण्याचा रिकामा पेला माझ्या हातात दिला. जा म्हणाल्या नाहीत, राग नाही असंही म्हणाल्या नाहीत. सिराजभाईंना सलामही सांगितला नाही. बाईंना ते लागलं, मला दिसलं.

बुधवारी रणजित परत आला आणि फडाफडा बोलला. सव्वीस चुकांचं शुद्धिपत्र कुणी लावतं का, समारंभ चार दिवसांवर, लोक पुस्तक सोडून तेच वाचतील. शेवटी मावशीपुढे त्याचं चाललं नाही. मग तो म्हणाला की ठीक आहे, पण नाव कशाला? सगळे लिहितात तसं लिहू, 'अनवधानाने राहिलेल्या चुका'.

"अनवधानाने नाही, रणजित," बाई म्हणाल्या. "पूर्ण अवधान देऊन केल्यात."

तेवढ्यात ताईंचा फोन आला. बाईंनी घाईने उचलला. ताईंनी इकडचं तिकडचं विचारलं नाही. म्हणाल्या, शुद्धिपत्र जुळवायला घेतलंस? चोवीसच तुझ्या नावावर घाल. बारावी आणि एकविसावी माझ्या आहेत, त्या माझ्या नावाने वेगळ्या घाल. बाई म्हणायला लागल्या की ताई, त्या दोन कुणाला कळणार नाहीत, मीही त्या चुकीच्याच केल्या होत्या, माझ्यातच जातील. ताईंनी मधेच तोडलं.

"माझी चूक झाकायचं काम एकदा केलंस तेवढं बास झालं. माझं नाव घाल. आणि रविवारी माझ्या शेजारी बस, मला व्यासपीठाच्या पायऱ्या दिसत नाहीत."

बाईंनी फोन ठेवला आणि माझ्याशेजारी येऊन बसल्या. मी दोन रकाने आखले, डावीकडे अशुद्ध, उजवीकडे शुद्ध. मे डावीकडे, जुलै उजवीकडे. जून डावीकडे, ऑगस्ट उजवीकडे. चोवीस ओळींखाली नाजिमा बागवान, मुद्रितशोधक. त्याखाली दोन ओळी, आणि सुहासिनी परचुरे, अनुवादक. अक्षर पुस्तकातल्याच मापाचं ठेवलं, मुंगीएवढं नाही. छापून कागद बाईंच्या हातात दिला.

बाईंनी चष्मा लावला, काढला, पदराने पुसला, परत लावला. पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. ते तिथेच राहिलं. मग कागद त्यांनी माझ्याकडे सरकवला.

"सुदर्शनराव, एवढं तुम्ही तपासा. मला दिसत नाहीये."